पांढरी दोनचा षड्ज आणि एकच तीव्र मध्यम

अमेरिकन संगीतकार मॉर्टेन लॉरिडसेन यांनी १९९४ साली लॉस एंजेलिस मास्टर कोरेल या वृंदासाठी ‘ओ मान्युम मिस्तेरियुम’ या जुन्या लॅटिन नाताळस्तोत्राला नवे संगीत दिले. ही रचना वाद्यांच्या साथीशिवाय, चार आवाजांत गायची असते, आणि मधूनमधून त्या आवाजांच्याही पोटशाखा होतात. जगभरच्या हौशी गायनवृंदांना तिचा मोह पडतो. आम्हालाही पडला. बेळगावच्या कॅम्प भागातल्या आमच्या चर्चच्या वृंदात शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून थेट तालमीला येणारे काका आहेत आणि खानापूरहून बसने येणारी कॉलेजची मुले आहेत. आमची नेहमीची गाणी म्हणजे मराठी आणि कोंकणी भक्तिगीते. नारायण वामन टिळकांची पदे आम्ही पेटी-तबल्यावर, सगळे एकाच सुरात गातो आणि चार आवाजांतली कॅरोल्स फक्त नाताळात. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणारे म्हणजे वृंदाला शिकवणारे आमचे सर आणि गोव्याकडची मुळे असलेली दोन कुटुंबे, एवढेच.

सरांनी निवडीसाठी दोन-तीन रचना आणल्या होत्या. त्यांपैकी इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हेनर यांचे ‘द लॅम्ब’ (१९८२) कागदावर अगदी लहान आणि सोपे दिसते. परंतु दुसऱ्या ओळीपासून आल्टो (बायकांचा खालचा आवाज) सोप्रानोच्या (बायकांच्या वरच्या आवाजाच्या) चालीचे तंतोतंत उलटे रूप गाऊ लागतो, म्हणजे ती चढली की हा उतरतो, आणि त्यातून जे स्वर एकमेकांवर आपटतात ते नवख्या वृंदाला पेलत नाहीत. लॉरिडसेन यांच्या रचनेत उलट प्रत्येक आवाजाची चाल स्वतंत्रपणे गुणगुणता येण्यासारखी असते. या एका कारणावरून निवड झाली आणि आजही मला ती योग्यच वाटते.

प्रतींचा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागला. लॉरिडसेन आपल्या काळातले संगीतकार असल्यामुळे रचनेवर स्वामित्वहक्क आहे. भारतात तर तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. एक प्रत घेऊन तिच्या छायाप्रती वाटण्याची आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत इथे चालणार नव्हती, म्हणून गाणाऱ्या प्रत्येकासाठी प्रत विकत घेतली. वर्गणी काढताना कुरकुर झाली, ती होणारच. पुढे ज्याने-त्याने आपापल्या छापील प्रतीवर पेन्सिलीने सरगम लिहून घेतली आणि ते काम करवून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण लहानपणी काही वर्षे मी शास्त्रीय गाणे शिकले होते. रचना डी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज पांढरी दोनचा, पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. हे एकदा सांगितल्यावर मुलांची निम्मी भीती गेली.

खरी अडचण उंच सुरांची असेल असा सगळ्यांचा समज होता, पण सोप्रानोंनी उंच सूर लवकर आटोक्यात आणले. आम्ही अडलो ते शेजारशेजारच्या स्वरांपाशी. लॉरिडसेन यांच्या स्वरसंवादांत, म्हणजे एकाच वेळी गायच्या स्वरांच्या गटांत, षड्ज, गंधार आणि पंचम यांच्या जोडीला अनेकदा रिषभही एकाच वेळी वाजत असतो, आणि गंधार तळाला ठेवलेला असतो. पाश्चात्त्य कानाला यातून एक प्रकारची झळाळी ऐकू येते. आमचा कान घडला आहे तो वेगळ्या गाण्यावर. कुमार गंधर्वांचा जन्म याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, १९२४ सालचा. धारवाड तर शेजारीच. इथे भजनी मंडळात बसणाऱ्या माणसालाही सूर लागला की नाही ते कळते, आणि एकाने षड्ज धरलेला असताना दुसऱ्याने रिषभ धरून ठेवला तर दोघांपैकी कोणीतरी चुकतो आहे असे त्याला वाटते. तालमीत नेमके हेच होत राहिले. टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) षड्ज धरत, आल्टो रिषभावर येत, आणि दोन-तीन मात्रांत एक बाजू नकळत दुसरीकडे सरकून मोकळी होई. स्वभावाने सुरेल असलेली माणसेच जास्त सरकत होती, हे विशेष.

यावर सरांनी जो उपाय काढला तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी पेटी बंद करवली आणि मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनवर लावला. आधी सगळ्यांनी षड्ज धरायचा, मग अर्ध्यांनी रिषभावर जाऊन तिथेच थांबायचे आणि दोन स्वरांच्या मधली थरथर कान देऊन ऐकायची. ती थरथर दोष नसून रचनेचाच भाग आहे हे पटायला वेळ लागला. पण पटल्यावर तीच माणसे जागची हलेनाशी झाली. पेटी बंद करण्यामागे आणखी एक कारण होते. पेटीचा गंधार सम अंतरांच्या सप्तकातला असल्यामुळे तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो, आणि साथीशिवाय गाणाऱ्या वृंदाचा लांबवलेला स्वरसंवाद तानपुऱ्याच्या गंधारावर जास्त शांत बसतो. अर्थात तानपुरा पूर्ण रचनेभर चालत नाही. स्वरसंवाद षड्जापासून दूर गेले की तो आडवा येतो, म्हणून ठरावीक ओळींपुरताच आम्ही तो वापरला.

मींड ही आमची दुसरी सवय. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हे एकट्याच्या गाण्यात सौंदर्य असले तरी तीस जणांनी आपापल्या वेगाने ते केले की स्वरसंवाद धूसर होतो. ती सवय पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही.

लॅटिन उच्चारांचा त्रास सर्वांत कमी झाला. ‘याचेन्तेम’मधला च चमच्यातला नव्हे, चिमणीतला, एवढे बजावून भागले.

आता त्या तीव्र मध्यमाविषयी. स्तोत्राच्या उत्तरार्धात ‘बेआता विर्गो’, म्हणजे धन्य कुमारी मरिया, असे शब्द येतात. त्यातल्या ‘विर्गो’वर आल्टोंना काळी चार दिली आहे. पांढरी दोनच्या षड्जाने पाहिले तर हा तीव्र मध्यम, आणि संपूर्ण रचनेत मूळ सप्तकाबाहेरचा हा एकच स्वर. मरियेच्या वाट्याला आलेले दुःख एका स्वरातून दाखवावे म्हणून तो योजल्याचे लॉरिडसेन यांनी स्वतः लिहिले आहे. तो इतर आवाजांवर क्षणभर घासतो आणि शेजारच्या स्वरात सुटतो. पहिल्यांदा तो गाताना आमच्यातली सर्वांत लहान मुलगी थांबली आणि म्हणाली, “बाई, इथे छापण्यात चूक आहे का?” मी तिला बिहाग राग गाऊन दाखवला, ज्यात शुद्ध मध्यम घरचा असतो आणि तीव्र मध्यम पंचमाच्या आधाराने हळूच डोकावतो. साम्य तिथवरच आहे, कारण बिहागात तो लाडाने येतो आणि इथे बोचावा म्हणून येतो. तरीही स्वर ओळखीचा झाला. आम्हा आल्टोंचा कल तो दबक्या आवाजात, माफी मागितल्यासारखा गाण्याकडे होता. सरांनी तो इतरांइतकाच भरून गायला लावला.

रचना मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कुठे बसवायची यावर फादरांशी चर्चा झाली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पवित्र संगीताचा ठेवा जपावा आणि गायनवृंद वाढवावेत असे म्हटले आहे, आणि त्याच दमात भाविकांचा सहभागही राखावा असेही. म्हणून लोकांच्या गाण्याची एकही जागा न घेता, मध्यरात्रीच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यानंतर आम्ही ती गायली. आधीची आणि नंतरची गीते मराठी-कोंकणीच ठेवली. शेवटच्या ‘आलेलुया’पर्यंत आम्ही जवळजवळ अर्धा सूर उतरलो होतो, हे सरांनी नंतर पट्टी तपासून सांगितले. सगळे एकत्र उतरल्यामुळे ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. साथीशिवाय गाणाऱ्या वृंदांना हे जडतेच, आणि आमच्या बाबतीत त्याचे मुख्य कारण उतरत्या ओळींतले सैल गंधार हेच असावे असे माझे मत आहे.

पुढची रचना ठरली आहे. एस्टोनियाचे आर्व्हो पार्ट यांनी २००४ च्या मार्चमध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत झालेल्या स्फोटांनंतर लिहिलेले ‘दा पाचेम दोमिने’ हे शांतीचे मागणे ईस्टरआधीच्या उपवासकाळात गायचे आहे. त्यात सूर मोजके आणि चाल संथ, त्यामुळे फाउंड्रीतले काका खुश आहेत. संथ चालीत सूर धरून ठेवणे किती अवघड जाते ते तालमीत कळेलच. सरगमीचे काम या वेळी तीव्र मध्यमावर थांबलेल्या त्या मुलीने मागून घेतले आहे.