'कुड' म्हटलं म्हणजे काम झालंच असं नाही

माझ्याकडे संध्याकाळी आयल्ट्सवाली, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा देणारी पोरं येतात, इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासमधून दमून, आणि सगळ्यांचं एक पाठ असतं, इंग्रजीतल्या कॅनचा भूतकाळ कुड. बास. मग वाक्य येतं, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, तुफान गर्दी होती बट आय कुड रीच राजवाडा. आता इंग्रज माणूस इथे अडकतो, हा पोचला की नुसतं पोचणं शक्य होतं? कारण कुड फक्त कुवत सांगतो, काम झालं का ते नाही सांगत. एखाद्या वेळी खरंच जमलं असेल तर वॉज एबल टू रीच किंवा मॅनेज्ड टू रीच, नाहीतर सरळ आय रीच्ड, उगाच भारी कशाला.

गंमत म्हणजे हा फरक आपल्याकडे आहेच. 'लहानपणी मला पोहता यायचं' आणि 'त्या दिवशी मला पोहत पलीकडे जाता आलं'. यायचं तिथे कुड, आलं तिथे वॉज एबल टू. इंदूरची पोरं घरात मराठी अन् बाहेर हिंदी बोलतात, हिंदीतही सकता था आणि सका वेगळंच आहे की! पण इंग्रजी लिहायला बसले की दोन्ही विसरतात.

नकार आला की मात्र भांडण मिटतं. आय कुडन्ट रीच, कायम जमत नसो की त्या एका दिवशी, दोन्हीकडे चालतं. बघणं, ऐकणं यातही सूट आहे, गच्चीवरून वुई कुड हिअर द ढोल म्हटलं तर ढोल खरंच ऐकू आले असाच अर्थ. आणि कुड हॅव रीच्ड म्हटलंत तर संपलं, पोचता आलं असतं पण पोचलो नाही, बहुतेक वेळा हाच अर्थ निघतो.

दुसरी खोड म्हणजे इट कॅन रेन टुडे. असं नाही म्हणत हो. आपल्याकडे मावठा पडतो, म्हणजे जानेवारीतही पाऊस येऊ शकतो, एकूणात असं होत असतं, तिथे कॅन बरोबर, इट कॅन रेन इन जॅन्युअरी. पण आज, आत्ता आभाळ भरून आलंय आणि छत्री घ्यावी का असा प्रश्न आहे तर मे, माइट किंवा कुड. हो, कुड, आणि इथे त्याचा भूतकाळाशी काडीचा संबंध नाही, पोरं सगळ्यात जास्त वैतागतात ती इथेच. मे आणि माइटमध्ये कोण जास्त खात्रीचं यावर मी वेळ घालवत नाही, बोलताना हल्ली फारसा फरक उरलेला नाही.

नॉट लावल्यावर बघा पण. बेल वाजवली, कोणी उघडलं नाही, तर ही मे नॉट बी ॲट होम, नसेल कदाचित. दाराला बाहेरून कुलूप दिसलं तर ही कान्ट बी ॲट होम, घरात असूच शकत नाही. यातही पोरं कॅनचा नकार म्हणजे 'त्याला येत नाही' एवढंच धरून बसतात.