मृगाच्या आधीची फेरी

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली. बंद पडलेलं मशीन रात्रीत चालू करून देणाऱ्याची तिथे पाठ थोपटली जायची. मशीन बंदच पडू न देणारा मात्र कोणाच्या खिजगणतीत नसायचा. घराचंही तेच. नळ गळायला लागला की प्लंबर, दिवा गेला की वायरमन, स्लॅबचा तुकडा पडला की महापालिका. जोपर्यंत चालतंय तोपर्यंत त्याकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, खरी भीती या ‘चालतंय’वाल्या वस्तूंचीच असते.

म्हणून मे संपत आला, की मृग लागायच्या आत मी डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक फेरी मारतो. आमची ही म्हणते, “आले इन्स्पेक्टर, आता चहा बारा वाजता.” म्हणू दे.

सुरुवात गिझरच्या प्लगपासून. गिझर पाणी तापेपर्यंत चालू ठेवायचा, मग बटण बंद करून प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, किंवा सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, तर आतला स्क्रू नाहीतर पत्ती सैल झालेली आहे. सैल जोडाला विरोध जास्त, म्हणून तो तापतो. तापला की आणखी सैल होतो. लोक म्हणतात, एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, आहे की! अहो, एमसीबीला कळतो तो जास्तीचा करंट. सैल जोडातून जाणारा करंट नेहमीचाच असतो, तो एमसीबीच्या दृष्टीने शहाण्यासारखा वागत असतो. बोर्ड जळायला लागला तरी एमसीबी जागचा हलणार नाही. तिथे आपला हात आणि आपलं नाक, एवढंच कामाला येतं. गरम बेकेलाइटला, म्हणजे बोर्डाच्या टणक प्लॅस्टिकला, मासळीसारखा एक उग्र वास येतो. मासळी आणलेली नसताना घरात तो वास आला, तर बोर्ड शोधायला लागा.

पुण्यात भाचा भाड्याच्या घरात राहतो. त्याच्याकडे गेलो तर ओट्यावर इंडक्शनची शेगडी, तिचा मोठा प्लग कन्व्हर्टरमध्ये, कन्व्हर्टर एक्स्टेन्शन बोर्डात आणि बोर्ड ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते. म्हटलं, “अरे, हे काय?” तर म्हणे, “मामा, वर्षभर असंच चालतंय.” मी कन्व्हर्टर काढून त्याच्या हातात दिला. एका बाजूचं प्लॅस्टिक चॉकलेटसारखं वाकलं होतं. तो कन्व्हर्टर विकायलाच बंदी घालावी असं माझं मत आहे. वायरमनकडून जाड वायर ओढून १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. घरमालक कुरकुरला, पण कुरकुरून गप्प बसला.

आता मेन बोर्ड. त्यात एमसीबींच्या ओळीत एक रुंद स्विच असतो आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं बारीक बटण. हा आरसीसीबी. जुने वायरमन त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात. माणसाला शॉक लागला तर वीज तोडतो तो हा, एमसीबी नव्हे. घरात ३० मिलीअँपिअरचा लागतो. एवढीशी वीज भलत्या वाटेने गेली तरी तो पडला पाहिजे. ते टी बटण दाबून बघा. दांडी खटकन पडली, तर ठीक. नाही पडली, तर तो स्विच भिंतीवरची शोभा आहे, बदला. आमच्या बिल्डिंगमध्ये मी किती घरांत विचारलं, “हे बटण कधी दाबलंय का?” सगळ्यांनी आधी घाबरून माझ्याकडे बघितलं. दोन घरांत तर आरसीसीबीच नव्हता, आणि त्यांची मुलं ओल्या हातांनी वॉशिंग मशीन लावतात.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेकडे, डोळेझाक नको. अर्थिंग धड असेल तर मशीनच्या पत्र्यात वीज उतरल्या उतरल्या स्विच पडतो, कोणी हात लावायची वाट बघत नाही. नसेल तर पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज गेल्यावरच स्विचला ते कळतं. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी, लावताना अर्थ सगळ्यांच्या आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी. आणि आपल्याकडे काय करतात? गणपतीत डेकोरेशनच्या वायरी सोलून थेट सॉकेटच्या भोकात घालतात आणि त्या निसटू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या काड्या खुपसतात. विघ्नहर्ता तरी किती ठिकाणी पुरा पडणार!

ताईचं घर चिपळूणजवळ खेड्यात आहे. पावसाच्या आधी तिच्याकडेही जातो. तिच्या पडवीत कपडे वाळत घालायला लोखंडी तार होती, खिडकीच्या गजापासून पत्र्याच्या शेडच्या खांबापर्यंत. वर बघितलं तर पोलवरून घरात आलेली सर्व्हिस वायर त्याच पत्र्याच्या कडेवर टेकलेली. वारा आला की घासणार. उन्हाने वायरचं काळं आवरण भेगाळलेलंच होतं. ते एकदा फाटलं की पत्रा, खांब, तार, ओली चादर आणि चादर पिळून टाकणारी बाई, सगळे एका ओळीत. दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यात बहुतेकदा एकाला सोडवायला दुसरा धावतो, दोघंही जातात. मी तार काढली, नायलॉनची दोरी बांधली आणि वायर उचलून घ्यायला महावितरणकडे अर्ज दिला. ताईचं म्हणणं, “नायलॉन सैल पडते रे, चादरी मातीला लागतात.” मग मधोमध बांबूची बेचकी लावून दिली. अजून रुसलेली आहे, पण दोरीवरच कपडे घालते.

स्वयंपाकघरात मी आधी खाली बघतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर कोंबून दाराला नुसतं वर एक भोक ठेवलं असेल, तर त्याचा उपयोग नाही, जाळी खाली हवी. नळी नारिंगी, आयएसआय छापाची घ्यावी, आतून तारेच्या जाळीची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांत ती बदलायची. नळी दिसायला नवी आहे म्हणून आठ-आठ वर्षं वापरणारे मी बघितले आहेत. शेगडीच्या मागे तिला उंदीर कुरतडतात तो भाग तर कधी दिसतच नाही. शेगडी सरकवून बघा.

नवा सिलिंडर आला की डिलिव्हरीवाला दारात असतानाच वरच्या कड्याच्या उभ्या पट्टीची आतली बाजू वाचायची. तिथे इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२७’ असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी २०२७ च्या जूनपर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेला असेल तर घ्यायचाच नाही. गळती बघायला साबणाचं पाणी. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. वास आलाच तर खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि कुठल्याही बटणाला हात लावू नका, दिवा लावू नका आणि विझवूही नका, एक्झॉस्ट फॅन तर नाहीच. बाहेर येऊन १९०६ ला फोन.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढा. यावर माझ्याशी वाद घालू नये. ज्योत हवा खाते, आणि बंद जागेत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस घेरी येऊन पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं, वेळ लागतोय. थंडीत खिडकीच्या काचपट्ट्यांत थर्माकोल कोंबणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

बाकीचं पटापट. फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी. बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी हवी आणि तिची किल्ली जवळच खिळ्याला. एसीच्या बाहेरच्या युनिटचा अँगल बघा, आमच्या दमट हवेत तो गंजून पापडासारखा सुटतो, आणि खाली फूटपाथ असतो.

शेवटी स्लॅब. छोटी हातोडी घेऊन बाल्कनीच्या छताला, छज्जाला, बाथरूमखालच्या छताला हलकेच ठोकत जायचं. धड काँक्रीट टणटण वाजतं. जिथे भदभद आवाज येतो तिथे आतला गज गंजलेला समजा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो आतून फुगून काँक्रीट ढकलतो. आधी गजाच्या रेषेत चीर, मग पोपडा, मग तुकडा. त्या चिरेवर पुट्टी मारून रंग देणं म्हणजे आजाऱ्याला पावडर लावणं. आणि फॉल्स सीलिंग केलेल्यांना तर चीर दिसणारच नाही.

आमची बिल्डिंग तीस वर्षांची होऊन गेली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि तिशीच्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमच्याकडे सभेत विषय निघाला की कोणीतरी म्हणायचं, “ऑडिट केलं आणि सी-१ मध्ये टाकली तर? राहायचं कुठे?” सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. भीती खरी आहे, भाड्याने राहणं कोणाला परवडतंय? पण ऑडिट न केल्याने गज गंजायचा थांबत नाही, आणि वेळेत दुरुस्ती झाली तर त्या पायरीपर्यंत जायची वेळच येत नाही.

यंदा शेवटी ऑडिटचा ठराव झाला. बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचा पैसा त्यात वळवला, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे आमच्याशी बोलत नाहीत. इंजिनीअर येऊन बघून गेला, त्याने फॉल्स सीलिंग उघडून द्यायला सांगितलंय. दोन घरं अजून तयार नाहीत, नुकताच खर्च केलाय म्हणतात. त्यांच्याकडे रविवारी चहाला जाणार आहे. हातोडी तेवढी घरी ठेवून जा, असा हिचा सल्ला आहे.