आमची वाटचाल : 'साहेब, कंडेन्सर गेलाय'

१९९६ साली आयटीआय करून सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो. समोर तीन साहेब. मधल्यांनी विचारलं, "चालू थ्री फेज मोटारीची एक फेज गेली तर काय होईल?" उत्तर तोंडपाठ होतं. पण डोक्यावरचा पंखा पाती मोजता येतील इतका हळू फिरत होता आणि माझी नजर सारखी तिकडेच.

"उत्तर वर लिहिलंय का?" साहेब म्हणाले.

मी बोलून गेलो, "नाही साहेब, कंडेन्सर गेलाय. साडेदोनचा टाकला की पळेल."

दोघे हसले. मधल्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि पुढच्याला हाक मारली. (मोटार गुणगुणते, तापते आणि जळते. आमचं निम्मं घर या उत्तरावरच चाललंय.)

बाहेर स्टोअरच्या अण्णांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या कोपऱ्यात नऊ बंद पंखे धूळ खात पडले होते. "नेतोस का?" सायकलच्या कॅरियरला दोन-दोन बांधून गावभागातल्या आमच्या पडवीत आणले. सहा कंडेन्सर-बेअरिंगवर भागले, तीन भरावे लागले, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळावी लागली. भरायला मशीन कुठलं? अण्णांनीच पैसे घातले आणि जुन्या बाजारातून हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन घेतलं. त्याचा काउंटर दर शंभराला एक वेढा चुकतो, ते मनात धरूनच मोजायचं. पोरानं आता मोटारवर चालणारं आणलंय, मी अजून त्याच मशीनवर बसतो. अण्णांनी व्याज घेतलं नाही. दिवाळीच्या आधी घरचे पंखे तेवढे फुकट करून घेतात.

पंख्यांवरून पंपावर आलो, पंपांवरून सबमर्सिबलवर. मधली वर्षं बरी गेली.

सांगायचंय ते वेगळंच. तार बसते त्या मोटारीच्या खाचेत, स्लॉटमध्ये, पेपर कसा मुडपायचा हे ज्याला हात धरून शिकवलं, त्यानं २०१५ ला विश्रामबागेत दुकान टाकलं आणि पाच एचपीला माझ्यापेक्षा हजार रुपये कमी घ्यायला लागला. परवडतं कसं? अ‍ॅल्युमिनियमची तार! इनॅमलचा लेप चढल्यावर वरून ओळखू येत नाही. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून तार जाड लागते. तेवढी जाड तार स्लॉटमध्ये मावत नाही, मग बारीकच कोंबायची आणि ती तापते. रात्रीच्या लाईटला ऑटो स्विचवर मोटार सोडून शेतकरी झोपलेला असतो. जळाली की दोष व्होल्टेजचा. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली. जाऊ दे म्हणतो, पण मनातून जात नाही.

मोटार भरून घेताना तारेचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. पांढरं निघालं तर उठा. आणि जळकी तार समोर वजन करून मागा. आमच्या धंद्यातला माणूस हे सांगणार नाही, कारण त्या मोडीत आमचेही चार पैसे असतात.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानात छातीच्या वर. लोकांच्या एकोणीस मोटारी चिखलात, चिठ्ठ्या वाहून गेलेल्या, विमा नाही. इन्शुलेशन तपासायचा मेगर फिरवावा तर काटा शून्यावर. विश्रामबागेत पाणी नाही, त्यामुळे भिजलेल्या मोटारींची रांग त्याच्याच दारात. मी शटर ओढून गाळा विकायचं बोलत होतो.

तेवढ्यात भिलवडीचे आप्पा साडेसात एचपी टेम्पोत घालून आले. मी म्हटलं, "आप्पा, तिकडं न्या, लवकर होईल."

"ऊस कुजलाय. मोटारीची घाई कुणाला आहे? तू भर."

मग लागलो. स्टेटर, म्हणजे मोटारीचा तार भरलेला न फिरणारा भाग, धुवायचा, आत दोनशेचा बल्ब पेटवून ठेवायचा, वरून पोतं टाकायचं. तिसऱ्या दिवशी काटा एक मेगओहमच्या पुढं सरकला की वार्निश. काही वाचल्या, बाकीच्या पुन्हा भरल्या. कुणाची कुठली हे कळेना, तर आप्पांनीच तीन मोटारी टर्मिनल बॉक्सच्या झाकणावरून ओळखल्या. बाकीचे मालक आले आणि आपापली घेऊन गेले. भांडण एकही नाही.

त्या कारखान्याच्या मोटारी आता आमच्याकडंच येतात. बिल नव्वद दिवसांनी निघतं, तेही चार खेपा घातल्यावर. परवा त्यासाठीच त्या मुलाखतीच्या खोलीत तासभर बसलो होतो. आता तिथं एसी आहे.