आमची वाटचाल : घाणा, चकली आणि २२ सेकंदांचा व्हिडिओ

साताऱ्यात शाहूपुरीत आमचा लाकडी घाणा आहे, २०१७ च्या दसऱ्याला सुरू केला. उखळ शिरीषाचं, त्यात फिरून दाणे चेपणारी लाट बाभळीची, ३ एचपीची मोटर आणि मिनिटाला १४-१५ फेरे, त्याच्यावर जाऊ देत नाही. फेरे वाढव, माल जास्त निघेल असं सांगणारे खूप भेटले, पण फेरे वाढले की तेल तापतं आणि तापलं की दाण्याचा वास जातो. एका घाण्याला १५ किलो दाणे, त्यात साडेपाच-सहा लिटर तेल, पेंड गोठेवाले नेतात, तेल दोन-तीन दिवस निवळायला ठेवायचं आणि वरचं तेवढंच भरायचं. लाट झिजते, उखळ आतून झिजतं, सुतार आणून परत घडवून घ्यावं लागतं, तो खर्च बाहेरच्याला दिसत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सदर बझारच्या बाई. मला चौथीला शिकवायला होत्या. बाटली कधी घेतली नाही, स्टीलची कडीची बरणी घेऊन यायच्या, "यातच दे रे, बाटलीचे पैसे कशाला." तेल चांगलं आहे असं त्या कुणाला सांगत नव्हत्या, घरी आलेल्यापुढं शंकरपाळ्यांची बशी ठेवायच्या आणि समोरच्याने विचारलं तरच माझं नाव सांगायच्या. पहिल्या वर्षात त्यांच्या बशीने मला ४०-४५ घरं दिली, सगळी अजून आहेत.

मला मात्र घाई. २०१८ ला एका एजन्सीला महिना ८ हजार देऊन फेसबुक पेज चालवायला दिलं. फोटो छान यायचे, सूर्यफुलाच्या शेतात बाटली वगैरे, आणि आम्ही सूर्यफूल काढतच नव्हतो! सहा महिन्यांत लाईक ४ हजारावर गेले आणि पेज बघून दुकानात आलेली माणसं मोजून ९. ते पैसे गेले त्याचं वाईट वाटतं, पण खरं दुखणं पुढं आहे.

२०१९ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं, ३८० लिटरचं बुकिंग, सव्वा लाखाचे दाणे उधारीवर उचललेले. १४ तारखेच्या रात्री एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २२ सेकंदांचा व्हिडिओ पडला. कढईत फेस वर आलेला, कडेला आमची बाटली, लेबल स्वच्छ दिसतंय, आणि बाईचा आवाज, "बघा, केमिकल आहे, चकली सगळी हसली." हसली म्हणजे तेलात फुटून विखुरली. सकाळी उठलो तर फोनवर फोन. २०१८ ला आपल्या धुळ्याकडं राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने मारलं, अफवांचे मेसेज फिरले होते, त्यानंतर फॉरवर्डला पाचची मर्यादा आली. माझं प्रकरण त्याच्यापुढं काहीच नाही, मला एवढंच कळलं की पाच-पाच करतसुद्धा गावभर व्हायला एक रात्र पुरते. चार दिवसांत बुकिंग १४० लिटरवर आलं.

आता धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, घाण्याच्या ताज्या तेलाला फेस येतोच. रिफाइन केलेलं नसतं, ओल आणि चिकटपणा त्यात राहिलेला असतो, पहिल्यांदा तापलं की वर येतो. मंद आचेवर फेस बसू द्यायचा आणि मग चकली सोडायची. आमची आजी चिंचेचं बुटुक टाकायची. चकली हसते ती बहुतेक वेळा पीठ आणि मोहन चुकल्याने, पण ते कोण ऐकणार.

आणि पुढच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने काय केलं, तोच व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला लावला, खाली लिहिलं "आमच्या तेलाला फेस येत नाही". दारात लाकडी घाणा शोभेला मांडलेला, बोर्डवर लाकडी घाणा, आणि भाव १६० रुपये लिटर. एका लिटरला अडीच किलो दाणे लागतात, तेव्हा ९५ चा दर धरला तर २३७ रुपये नुसत्या दाण्याचे, पेंडेचे ६० वजा करा, तरी मजुरी, लाईटबिल, बाटली राहिलीच. १६० ला कुठून आणणार? हा हिशोब मी त्याच्यासमोर बसून मांडायला तयार होतो, आजही आहे. तो माणूस लग्नात भेटतो, हसून नमस्कार करतो, मला करवत नाही.

मी रात्री भलामोठा खुलासा लिहिला, ग्रुपवर टाकायच्या आधी बाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "असलं लांबलचक कोण वाचतंय? तळून दाखव." आणि १८ तारखेच्या दुपारी स्वतःच्या भिशीत स्वतःची कढई, माझं तेल, चकलीचं पीठ घेऊन बसल्या. ७१ वर्षांचं वय. वीसेक बायका समोर. तेल तापवलं, फेस आला, बाईंनी झारा बाजूला ठेवला आणि वर्गात उभ्या असल्यासारखं सांगितलं, "आता कुणी काही टाकायचं नाही, थांबायचं." चिंच टाकली, फेस बसला, चकल्या सोडल्या. एकही हसली नाही. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, मागे कुकरची शिट्टी, अर्ध्या वेळ फक्त बाईंचा हात आणि हिरव्या बांगड्या दिसतात. तोच एक मिनिट ४० सेकंदांचा व्हिडिओ फिरला, माझ्या एजन्सीच्या एकाही फोटोला तसं फिरता आलं नव्हतं. लॅबचा रिपोर्ट, ज्यासाठी मी धावलो, तो भाऊबीज झाल्यावर आला.

बुकिंग २९० पर्यंत परत आलं. उरलेले दाणे मार्चपर्यंत पुरले, उधारी फिटायला जून उजाडला. त्यानंतरची वर्षं नीट गेली, दुसरा घाणा २०२२ ला बसवला.

नवीन मुलं विचारायला येतात म्हणून सांगतो, न विचारणाऱ्यांनीही ऐका. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी, २५६ जणांची, आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज त्याला जातच नाही, तेव्हा पहिल्या बाटलीलाच नंबर सेव्ह करून घ्या. रोज गुड मॉर्निंग टाकू नका, नवीन घाणा निघाला की त्याच दिवशी टाका, फोटो स्वतःच्या उखळाचा. बाटलीवर घाण्याचा नंबर आणि तारीख लिहा. फेसाची चिठ्ठी बाटलीला बांधा, मी २०१९ च्या आधी बांधली असती तर हे घडलंच नसतं. आणि लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, किलो आणि लिटरचा घोळ गिऱ्हाईकापुढं करू नका. वहीत एक रकाना ठेवा, "कुणाकडून कळलं". माझ्या वहीत मागच्या वर्षी २१४ नवीन नावं आहेत, त्यातली १६० च्या वर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेली, बाकीची इन्स्टा आणि गुगलवरून. रील मीही टाकतो, पण रीलवरून आलेला आधी भाव विचारतो, घरून आलेला विचारतो ताजं कधी मिळेल.

बाई आता दुकानात येत नाहीत, गुडघे दुखतात. बरणी सुनेच्या हातात असते, पुण्याला हडपसरला पाच लिटर जातं तेही त्याच घरातून. मागच्या दिवाळीत तो जुना २२ सेकंदांचा व्हिडिओ परत कुठूनतरी आला, खूप वेळा फॉरवर्ड झाल्याची दोन बाणांची खूण घेऊन. मी उत्तर लिहायला घेतलं तोवर खाली तिघींनी लिहिलेलं होतं, "चिंच टाका, थांबा, मग तळा." त्यातल्या एकीलाच मी ओळखतो. ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांचा फोन मात्र आजपर्यंत आलेला नाही.