३.५० कोस्टला रडतंय: नऊ इंची फोर्ड आणि दातांच्या खुणा

मंडळी, रोडस्टरच्या नऊ इंची फोर्ड मागच्या एक्सलमधलं ३.०० रेशोचं क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं; रेशो म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) उतरलं, ३.५० बसलं आणि ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या चौथ्या गिअरमध्ये, इंजिन गुदमरणं एकदाचं थांबलं. आनंद पहिल्या उतारापर्यंतच टिकला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला (यालाच कोस्ट म्हणतात) की ताशी ४५ ते ५५ मैलांच्या पट्ट्यात मागून बारीक, चढा सूर येतो. पाय दिला की गायब.

गाडी अशी: १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची बॉडी, ३२ ची चॅसिस, ३५० स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, ७००आर४ (चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मागे २३५/७०आर१५ टायर. वजन जेमतेम २,३०० पाउंड. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) ५० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टला २२४ अंशांचा. सगळ्या गणिताचा कळीचा आकडा हा कॅमच आहे, कारण १,७०० आरपीएमच्या खाली तो नीट श्वास घेत नाही.

रेशो ठरवताना इंजिनाचे आरपीएम काढायला ताशी मैल × रेशो × ३३६ भागिले टायरचा व्यास हे सूत्र सगळेच वापरतात. पण त्यात टायर वजनाखाली दबतो हे धरलेलं नसतं. आपला टायर कागदावर २८ इंचांचा आहे, तरी टायर कंपनीच्या तक्त्यात मैलाला ७४४ फेरे दिलेत. सूत्राने ते ७२० च निघतात. फरक तीन टक्क्यांचा, आणि ओव्हरड्राइव्हच्या उंबरठ्यावर तेवढाही जाणवतो. म्हणून हिशोब नेहमी फेऱ्यांवरूनच करावा.

७४४ धरून, ०.७० च्या चौथ्या गिअरमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर लॉक (म्हणजे घसरण बंद) असताना ३.०० ला ६५ मैलांवर सुमारे १,६९० आरपीएम येतात आणि ५५ वर फक्त १,४३०. तिथे इंजिन हिसके देत होतं. व्हॅक्यूम पडायचा, थ्रॉटल जास्त उघडावा लागायचा, म्हणजे पेट्रोलही वाचत नव्हतं. आता ३.५० ला ६५ वर १,९७५ आणि ५५ वर १,६७०. ५५ ला अजून काठावरच आहे, पण हिसका गेला. चढावर चौथा धरून ठेवते, हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

मग सरळ ४.११ का नाही? कारण ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा आहे. त्याला ४.११ ने गुणलं की १२.६ होतात. एवढ्या हलक्या गाडीत ५,५०० आरपीएमला पहिला गिअर ३५ मैलांतच संपतो आणि टायर नुसते जागेवर फिरतात. हलक्या रोडस्टरला दहाच्या आसपासचा गुणाकार भरपूर होतो. ३.५० ला तो १०.७ येतो आणि पहिला ४१ मैलांपर्यंत जातो.

आता त्या आवाजाकडे.

आधी बाकीचे संशयित बाजूला काढले. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर बदलतो, पाय दिला-काढला म्हणून सहसा बदलत नाही. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. एक्झॉस्टची घरघर न्यूट्रलमध्ये तेवढ्याच आरपीएमला ऐकू येते. इथे फक्त कोस्टला सूर लागत होता, म्हणजे दातांच्या कोस्ट बाजूचीच भानगड.

नऊ इंचीचं सोनं म्हणजे अख्खा मधला भाग पुढून बाहेर येतो. दोन्ही टोकांचे चार-चार नट काढून एक्सल थोडे बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, मग दहा नट. त्या नटांखालचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला, नाहीतर स्टडच्या आट्यांतून तेल झिरपतं. हा मधला गोळा जड असतो, दोघांनीच उतरवावा.

डायल गेज लावून क्राऊनभोवती चार ठिकाणी बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) घेतला: १० ते १२ थाउ. उत्तम. पिवळी पेस्ट लावून पॅटर्न (दात कुठे टेकतात त्याचा ठसा) काढला तर ड्राइव्ह बाजूला ठसा दाताच्या मध्यावर, कोस्ट बाजूलाही जवळपास तसाच. कुठेच मुळाशी किंवा माथ्यावर सरकलेला नाही. इथेच बहुतेक जण पिनियनची खोली ठरवणाऱ्या शिमशी (पातळ चकतीशी) खेळायला लागतात आणि आणखी घोळ घालतात. शिमबद्दल एक धोक्याची सूचना: नऊ इंचीत ती पिनियनच्या सपोर्टखाली (पिनियन आणि त्याची बेअरिंग धरणाऱ्या, बोल्टने बसणाऱ्या भागाखाली) असते, त्यामुळे जाड शिम घातली की पिनियन क्राऊनपासून दूर जातं. ज्या एक्सलमध्ये ती पिनियनच्या डोक्याखाली असते, तिथे नेमकं उलट. सवयीने हात चुकीच्या दिशेला जातो.

पॅटर्न बरोबर, बॅकलॅश बरोबर, तरी रडतंय. उत्तर दातांच्या संख्येत होतं.

३.५० म्हणजे ३५ आणि १० दात. दोन्हींना ५ ने भाग जातो. त्यामुळे पिनियनचा एक दात क्राऊनच्या सगळ्या ३५ दातांना कधीच भेटत नाही, ठरलेल्या सातांनाच पुन्हापुन्हा भेटतो. कारखान्यात जोडी लॅपिंग करून घासतात तेव्हा हेच सात एकमेकांना सरावतात, आणि हजारो मैलांची झीजही तशीच बसते. म्हणून अशा सेटवर जुळवणीच्या खुणा असतात. ३.७० मध्ये ३७ आणि १०, सामाईक भाजक नाही, प्रत्येक दात सगळ्यांना भेटतो, खुणांची गरज नाही. उतरवलेलं ३.०० तर ३९ आणि १३ चं, तिथे एका दाताच्या वाट्याला तीनच! कुणाला द्यायचं असेल तर खुणा रंगवूनच द्यावं.

आपला ३.५० चा सेट वापरलेला आहे आणि विकणाऱ्याने तो खोलून पुन्हा जोडलेला होता. ब्रेक क्लीनर आणि पितळी ब्रशने काळा थर काढल्यावर क्राऊनच्या लागोपाठच्या दोन दातांवर रंगाचे पुसट ठिपके दिसले आणि पिनियनच्या एका दाताच्या टोकावर एक. तो एक दात त्या दोघांच्या मधोमध बसायला हवा. होता दोन दात पुढे.

दुरुस्ती सोपी आहे, म्हणूनच हे एक्सल आवडतं. पिनियनचा नट सोडायचा नाही, क्रश स्लीव्हला (नटाखाली दबणाऱ्या नळीला) आणि प्रीलोडला (बेअरिंगवरच्या ठरलेल्या ताणाला) हात लावायचा नाही. सपोर्टचे पाच बोल्ट काढायचे, क्राऊन किंचित फिरवत पिनियन सपोर्टसकट पुढे ओढायचं, खूण जुळवून परत सरकवायचं. शिम तीच, ओ-रिंग नवी. शेवटी बॅकलॅश पुन्हा तपासायचा. खुणा पूर्ण गेलेल्या असतील तरी घाबरू नका: भाजक ५, म्हणजे जुळणीच्या शक्यता पाचच. आणि सपोर्ट गोळा गाडीत असतानाही बाहेर येतो.

निकाल: सूर गेला. ५० च्या आसपास अगदी हलकी गुणगुण उरली आहे, ती उघड्या गाडीत वाऱ्यात विरते. वापरलेल्या सेटकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. तेल ८०डब्ल्यू-९०, सुमारे पाच पिंट. क्लचवालं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका.

स्पीडोमीटरचा हिशोब: ड्राइव्ह गिअरचे दात × रेशो × ०.७४४ (मैलाचे फेरे भागिले हजार) म्हणजे केबल फिरवणाऱ्या ड्रिव्हन गिअरचे दात. आपल्या ७००आर४ मध्ये १५ चा ड्राइव्ह आहे, म्हणजे ३.५० ला ३९ दातांचा ड्रिव्हन. ३९ पर्यंतचे एका स्लीव्हमध्ये बसतात, ४० पासून दुसरी स्लीव्ह लागते. ३.७० केलं तर ४१ येतात, म्हणजे स्लीव्हचाही खर्च.

हे लिहिता लिहिता एक वेगळंच डोक्यात आलं. खरी अडचण एक्सलची नसून ७००आर४ च्या पहिल्या-दुसऱ्यातल्या दरीची आहे: ३.०६ वरून थेट १.६३, ५,५०० वरून २,९३० ला आपटतं. २००-४आर या दुसऱ्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सचे आकडे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. त्याला नवं ३.७० जोडलं तर पहिल्याचा गुणाकार १०.१, ६५ मैलांवर २,०००, आणि दुसऱ्यात ३,१५० ला उतरतं. सुरुवातही हवी तशी, क्रूझही हवा तसा, शिवाय खुणांची कटकट नाही. ब्यूइकच्या ग्रँड नॅशनलमध्ये हाच गिअरबॉक्स होता, म्हणजे नीट बांधला तर ताकदीचा प्रश्न नाही. लांबी ७००आर४ पेक्षा सुमारे तीन इंच कमी, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट तेवढा लांब होईल, आणि आपल्या आखूड शाफ्टला ते हवंच आहे. योकही तोच, २७ स्प्लाइनचा. क्विक-चेंजचा (मागचे दोन सरळ दातांचे गिअर बदलून रेशो झटपट बदलणाऱ्या एक्सलचा) मोहही झाला होता, पण त्या पैशात बॉक्स आणि नवं क्राऊन-पिनियन दोन्ही येतं, आणि रोजच्या रस्त्यावर सरळ दातांचा आवाज नको.

म्हणून ३.५० हिवाळ्यापर्यंत राहील. तोवर २००-४आर शोधायचा आणि टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलचा, म्हणजे थ्रॉटलप्रमाणे गिअरबॉक्सचा तेलदाब ठरवणाऱ्या केबलचा, ब्रॅकेट ठरवायचा. होलीच्या कार्बोरेटरवर केबलचा कोन चुकला की दाब कमी पडतो आणि क्लच जळतात. ज्यांनी होली आणि २००-४आर ही जोडी बसवली आहे त्यांनी ब्रॅकेट कोणता आणि पूर्ण थ्रॉटलला केबल किती ओढली जाते ते मोजून कळवा.