सर्वांत वाईट ठरलेले वॉर्ड

रुग्णालयातील संसर्गाच्या आकडेवारीवर काम करत असताना एक अहवाल माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. त्यातला प्रत्येक आकडा अचूक होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नव्हता.

एका तिमाहीत शस्त्रक्रियेच्या जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण ज्या वॉर्डांमध्ये सर्वाधिक होते, तेथील कर्मचाऱ्यांना ठपका देऊन हात धुण्याचे आणि ड्रेसिंगचे विशेष प्रशिक्षण देण्यात आले होते. पुढच्या तिमाहीत त्यांपैकी जवळजवळ सर्व वॉर्डांचे प्रमाण खाली आले. त्या यशाच्या आधारे प्रशिक्षण कायमचे करण्याचा प्रस्ताव त्याच दुपारी बैठकीत येणार होता.

मी उरलेल्या वॉर्डांचे आकडे मागवले. पहिल्या तिमाहीत सर्वांत चांगले ठरलेल्या वॉर्डांत दुसऱ्या तिमाहीत संसर्गाचे प्रमाण वाढले होते, आणि तेथे तर काहीच बदलले नव्हते. मग मी वाईट ठरलेल्या वॉर्डांची त्याआधीची तिमाही पाहिली. प्रशिक्षणाचा विचारही झाला नव्हता, तेव्हाही त्यांचे प्रमाण कमीच होते. म्हणजे ती एकच तिमाही उंच गेली होती, आणि ती उंच गेली म्हणूनच ते वॉर्ड निवडले गेले होते.

सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगले अशा दोन्ही टोकांना लहान वॉर्ड होते, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. संसर्गाचा खरा दर 4 टक्के असलेल्या वॉर्डात तिमाहीत 25 शस्त्रक्रिया होत असतील, तर निव्वळ योगायोगाने शंभरपैकी सुमारे 36 तिमाहींत तेथे एकही संसर्ग आढळणार नाही आणि सुमारे 8 तिमाहींत दर 12 टक्के किंवा त्याहून अधिक दिसेल. 400 शस्त्रक्रियांच्या वॉर्डात तोच खरा दर असताना 12 टक्के दिसणे जवळजवळ अशक्य आहे. टक्केवारीशेजारी रुग्णसंख्या न छापणारा तक्ता मला म्हणूनच अपुरा नव्हे, अन्यायकारक वाटतो.

टोकाचे मोजमाप पुढे सरासरीकडे झुकते, हे इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये 205 जोडपी आणि त्यांची 928 प्रौढ मुले यांच्या उंचीच्या नोंदींतून दाखवले होते. आईवडिलांची उंची सरासरीपासून जितकी दूर, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच मुलांची दूर असे. टोकाच्या मोजमापात योगायोगाचाही वाटा असतो आणि पुढच्या मोजमापात तो तसाच पुन्हा मिळेल असे नसते. परीक्षेतील गुण, खेळाडूची कामगिरी, अपघातप्रवण रस्ते, दुखणे असह्य झाल्यावरच डॉक्टरांकडे जाणारा रुग्ण, या सर्वांना हे लागू पडते.

बैठकीत एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी विचारले, "म्हणजे प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असे आपले म्हणणे आहे का?" मी सांगितले की या आकड्यांवरून ते उपयोगी आहे असेही म्हणता येत नाही आणि निरुपयोगी आहे असेही नाही, कारण तुलनेसाठी दुसरा गटच नाही. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत क्षयाच्या 107 रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत विभागणी केली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4, तर औषधाविना केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14 रुग्ण दगावले. औषधाविनाही काही रुग्णांची प्रकृती लक्षणीय सुधारली होती. दुसरा गट नसता, तर तेवढ्या सुधारणेचे श्रेयही औषधाच्याच नावावर जमा झाले असते.

ठपका मिळालेल्या एका वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर तेव्हा म्हणाल्या, "सर, आम्ही त्या तीन महिन्यांतही नेहमीसारखेच काम करत होतो." मी त्यांच्या वॉर्डाच्या मागील नोंदी सर्वांपुढे ठेवल्या. त्यांची दीर्घकालीन सरासरी रुग्णालयाच्या सरासरीइतकीच होती.

चर्चेअंती वॉर्डांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रशिक्षण लगेच आणि उरलेल्यांना दोन तिमाहींनंतर द्यायचे ठरले. नंतर जे आकडे आले, त्यांत प्रशिक्षित वॉर्डांतील घट पहिल्या अहवालाहून बरीच लहान होती, तरी दुसऱ्या गटापेक्षा अधिक होती. तेवढ्या फरकाच्या बळावर प्रशिक्षण सुरू राहिले. वॉर्डांची क्रमवारी मात्र बंद झाली आणि तिच्या जागी प्रत्येक वॉर्डाचा स्वतःचा आलेख, अपेक्षित चढउतारांच्या वरच्या-खालच्या मर्यादांसह, लावला जाऊ लागला.