बुलेट ट्रेनला मार्क देणार कोण?

मुंबई-हैदराबाद बुलेट ट्रेनचा 711 किमीचा प्रस्तावित रूट सोलापूरवरून आहे म्हटल्यावर आमच्या ग्रुपवर सगळे नुसता स्पीडच धरून बसलेत. खर्च, जमीन, तिकीट हे पण तोलायचं तर गणितज्ञ थॉमस साटींची एएचपी (अनेक निकष तोलून निर्णय घ्यायची) पद्धत मला आवडते, दोन-दोन निकष समोरासमोर घ्यायचे आणि कुठला किती भारी ते 1 ते 9 मध्ये सांगायचं. जमीन खर्चापेक्षा भारी, खर्च स्पीडपेक्षा भारी आणि स्पीड परत जमिनीपेक्षा भारी असं काहीतरी ठोकून दिलं की कन्सिस्टन्सी रेशो (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.1 या मर्यादेच्या वर जातो आणि माणूस सापडतो (ग्रुपवर ही सोय पाहिजे राव). पण आकडे भरणार कोण? मोहोळचा ऊसवाला जमिनीलाच 9 देणार, ऑर्डरीसाठी हैदराबादला पळणारा चादरवाला वेळेला. दोघांनाही फॉर्म द्या, एकट्या कन्सल्टंटला नको.